आळीचा फ्रीज

कोकणी माणसाला फ्रीजची गरज कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. टिकवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं असं नाही. उलट टिकवण्याच्या विद्येत तो इतका पारंगत होता की, विजेचा खांब आळीत उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचं आख्खं घर हेच एक मोठं शीतकपाट होतं. (शीतकपाट हा शब्द मी आजवर फक्त छापलेला पाहिला आहे. 'अगो, शीतकपाटातलं ताक काढ' असं म्हणणारी गृहिणी अजून जन्माला यायची आहे.) आमच्या रत्नागिरीच्या घरात माळ्यावरच्या डब्यात आंबापोळ्या नि फणसपोळ्या, चिनीमातीच्या एका बरणीत खारातल्या कैऱ्या, दुसरीत लोणचं, बाटल्यांत कोकमाचं आगळ, डब्यात आमसुलं आणि सांडगी मिरच्या. ज्यांच्या घरी चालायचं त्यांच्याकडे सुके बोंबील आणि सोडे. मे महिन्यात ही बेगमी पाहिली की वाटावं, ही माणसं पावसाळ्याला नव्हे, वेढ्याला तोंड द्यायला निघाली आहेत.

दुधातुपासाठी जाळीचं कपाट असे. त्याच्या चार पायांखाली पाणी भरलेल्या चार वाट्या. हेतू हा की मुंग्यांना समुद्र ओलांडता येऊ नये. पण मुंग्यांच्या कुळातही एखादा मारुती निघतोच. तो भिंतीवरून यायचा.

आणि एवढं करूनही जे उरायचं ते शेजारी जायचं. दुपारची आमटी जास्त झाली, की झाकण घातलेली वाटी गडग्यावरून पलीकडे. वाटी रिकामी परत करायची नाही, हा आळीचा कायदा. त्यामुळे आमची वाटी परत येताना त्यांची भाजी घेऊन यायची, ती वाटी परत करताना तिच्यात आमचा मेतकूटभात जायचा, आणि एकदा सुरू झालेला हा व्यवहार कुणी मुंबईला बदलून गेल्याशिवाय संपत नसे.

अशा सुखी संसारात १९७९ साली फ्रीज आला.

आपल्या देशात फ्रीज बनायला लागून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. गोदरेजने पहिला भारतीय फ्रीज १९५८ साली काढला. पण मुंबईतून निघालेली गोष्ट रत्नागिरीला पोहोचायला वेळ लागतोच. खुद्द रेल्वेला तर त्याहूनही उशीर झाला. आमचा फ्रीज कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. एकशे पासष्ट लिटरचा, पांढरा, एका दाराचा, आणि दाराला कुलूप असलेला. हो, तेव्हाच्या फ्रीजला कुलूपकिल्ली असे. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फंडातून कर्ज काढलं, आणि कोल्हापूरहून ट्रकमधून, आंबा घाट उतरून, तो पेंढ्यात गुंडाळलेला नवरदेव आमच्या बेड्यासमोर उभा राहिला.

त्या रात्री तो सुरू केलाच नाही. प्रवासात आडवातिडवा झालेला फ्रीज लगेच सुरू करायचा नसतो. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत चढलेलं असतं, ते खाली उतरायला काही तास तो उभा ठेवावा लागतो. ट्रकवाल्याने हे सांगितलं आणि नानांनी काही तासांची आख्खी रात्र केली. आईने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी तो घरघरू लागल्यावर त्याच नारळाचं एक भकल आत ठेवलं. पहिले दोन दिवस त्या फ्रीजमध्ये एक भकल, पाण्याच्या चार बाटल्या आणि आमच्या चार भावंडांची दृष्टी एवढंच होतं. दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही, या प्रश्नाने माझ्या धाकट्या भावाची झोप उडाली होती.

तो उभा कुठे राहिला? माजघरात. कारण जाड पिनेचं बटण तिथेच होतं, आणि ओटीवर बसलेल्या माणसाला तो तिथूनच दिसत होता. डोक्यावर क्रोशाचं विणलेलं आच्छादन, त्यावर गुरगुरणारा स्टॅबिलायझर, मुठीला रुमाल. भिंतीपासून तो वीतभर पुढे ठेवला होता. मागच्या काळ्या जाळीतून आतली उष्णता बाहेर पडते, तिला वारा लागला पाहिजे म्हणून. त्या वीतभर उबदार जागेत पहिल्याच आठवड्यात एका पालीने बिऱ्हाड केलं. भाडं नाही, पागडी नाही.

आळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आळीतला तो एकमेव फ्रीज, म्हणजे तो आळीचाच फ्रीज. कर्ज तेवढं नानांचं. कुणाच्या तापाला बर्फ हवा, कुणाच्या साखरपुड्याचा गजरा रात्रभर ताजा राहायला हवा, कुणाचं विरजण मे महिन्यात आंबट होतं. समोरच्या माईंच्या सासऱ्यांना मधुमेह. त्यांच्या इन्शुलिनची बाटली दारातल्या अंड्यांच्या खळग्यात उभी. आमच्याकडे अंडी येत नसल्यामुळे ते खळगे मोकळेच होते. 'वहिनी, एवढं ठेवता का जरा?' हे वाक्य दिवसातून सहा वेळा ऐकू यायचं. आईने कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. फक्त ती किल्ली कमरेला लावायची, आणि फ्रीज दिवसातून चारदाच उघडायची: सकाळी, जेवणाआधी, चहाला आणि दिवे लागल्यावर. एखाद्या देवळाच्या दर्शनाच्या वेळा असाव्यात तसा आळीचा दिनक्रम त्यावर चालायचा.

खरी परीक्षा माशांनी घेतली. पलीकडच्या भाऊंची मिरकरवाड्याला होडी होती. एक दिवस ते गडग्यापाशी हातात डबा घेऊन उभे. 'वयनी, सुरमय हाय. पावनं उद्या येनार. ठेवा म्हनत नाय मी, पन...' आमचं घर शुद्ध शाकाहारी. नाना पेपरात तोंड खुपसून बसले. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'डबा डब्यात घाला. तो डबा पिशवीत घाला. आणि काय आहे ते मला सांगू नका.' त्या दिवसापासून त्या वस्तूला आमच्या घरात 'ते' असं नाव पडलं. 'ते' अगदी खालच्या कप्प्यात. त्यावर एक कप्पा मुद्दाम रिकामा, म्हणजे सीमेवर असते तशी निर्मनुष्य पट्टी. त्याच्या वर दूधदुभतं, आणि सगळ्यात वर देवाच्या नैवेद्याचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका पुस्तकात वाचलं की कच्चे मासे आणि कच्चं मांस नेहमी फ्रीजच्या तळाशी, बंद डब्यात ठेवावं, म्हणजे त्याचं पाणी शिजवलेल्या अन्नावर गळत नाही आणि जंतू पसरत नाहीत. आईचं सोवळं आणि जंतुशास्त्र यांची कधी भेट झाली नव्हती, तरी निकाल एकच लागला होता. मी तिला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, 'पुस्तकवाल्यांना आत्ता कळलं होय?'

या सगळ्या काळात घराघरात बर्फ ही काही साधी गोष्ट नव्हती. हिंदुस्थानात पहिला विलायती बर्फ आला तोसुद्धा जहाजाने. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १८३३ साली बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यातला १८० टन बर्फ भुशात गुंडाळून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी तो पोहोचला तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईकरांनाही बर्फ मिळाला. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली, अशी कथा सांगतात. आमच्या आळीत १९७९ च्या दिवाळीत आइस्क्रीम झालं तेव्हा सर्दी कुणालाच झाली नाही. प्रत्येकाच्या वाट्याला आलंच तेवढं होतं.

आता निगेविषयी. फ्रीज पाळणं हे गाय पाळण्यासारखं आहे. दूध देते म्हणून गोठा चुकत नाही. आमच्या फ्रीजचा गोठा म्हणजे वरचा बर्फाचा खण. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते, तिच्यातला ओलावा त्या खणाच्या पत्र्यावर गोठतो. कोरड्या मुलखात हे हळूहळू होतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात मात्र हवा पिळली तर बादली भरेल अशी असते. श्रावणापर्यंत त्या खणाचं हिमालयातलं अमरनाथ होऊन जायचं. आणि गंमत अशी, की बर्फाचा हा थर गारवा वाढवत नाही. तो रजईसारखा थंड पत्र्याला गुंडाळून बसतो, आतलं अन्न गरम राहतं, कॉम्प्रेसर बिचारा दिवसभर धापा टाकतो आणि विजेचं बिल वाढतं. म्हणून करंगळीच्या अर्ध्या जाडीइतका थर झाला की आई शनिवारी फ्रीज बंद करून दार उघडं टाकायची, खाली पंचे अंथरायची, आणि आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवायची.

या बाबतीत घाई उपयोगाची नाही. आमचे पुण्याचे एक मामा पाहुणे आले असताना त्यांनी 'अगं, एवढं काय त्यात!' म्हणून उलथन्याने तो बर्फ उचकटायला घेतला. तिसऱ्या घावाला 'फुस्स' असा आवाज आला. पत्र्याच्या आत गॅसच्या नळ्या असतात, त्यातली एक फुटली. मामा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. त्यांना आठवडाभर राहायचं होतं.

मग फ्रीजवाला आला. हा किडकिडीत तरुण सायकलला सिलिंडर बांधून हिंडायचा, आणि त्याला दुरुस्तीपेक्षा शिकवण्याची हौस जास्त. 'गॅस गेलाय,' तो म्हणाला. आमच्या आजीने लगेच त्याला ओवा देऊ केला. पण काम करता करता त्याने जे सांगितलं ते मी विसरलो नाही. 'काकी, फ्रीज गारवा तयार करत नाही बरं का. आतली उष्णता उचलतो नि बाहेर टाकतो. हमाल आहे तो. आतल्या नळीत पातळ पदार्थाचा गॅस होतो, होताना उष्णता ओढून घेतो. मग हा खालचा कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून मागच्या जाळीत ढकलतो, तिथे तो उष्णता सोडतो नि परत पातळ होतो.'

आई म्हणाली, 'म्हणजे माठच की. पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून आतलं गार होतं.'

फ्रीजवाला हातातला पाना घेऊन तसाच बघत राहिला. 'तसंच,' तो म्हणाला. 'फक्त माठाचा गॅस जात नाही.' त्याने टाका मारला, गॅस भरला, आणि चहा पिऊन गेला. नंतरची पंचवीस वर्षं तो आमच्या घरी येत राहिला. पुढे गॅससुद्धा बदलला. जुना गॅस वातावरणाच्या ओझोनला भोकं पाडतो, म्हणून १९८७ साली माँट्रिअलला जगातल्या देशांनी करार करून तो हद्दपार करायचं ठरवलं. हे आम्हाला त्यानेच सांगितलं. आई खिन्न झाली. 'मामांमुळे थोडं भोक आपणही पाडलंच असेल,' म्हणाली.

बाकीची निगा नाना करायचे. दाराच्या रबरी पट्टीत ते एसटीचं तिकीट धरून दार लावायचे आणि तिकीट ओढायचे. सहज निघालं तर पट्टी सैल. पावसाळ्यात तिच्या घड्यांत काळी बुरशी धरायची, ती सोड्याच्या पाण्याने पुसायची. मागच्या जाळीवरची धूळ दर तीन महिन्यांनी कुंच्याने झाडायची (पालीला आगाऊ सूचना देऊन). पण खाऱ्या हवेपुढे नानांचं काही चाललं नाही. समुद्र आमच्या घरापासून दिसत नाही, पण तो लोखंडाला कुठूनही शोधून काढतो. आधी फ्रीजचे पुढचे पाय गंजले, मग तळाचा पत्रा. एक पाय तर १९९१ च्या पावसात मोडलाच. त्याजागी नानांनी जांभा चिरा बसवला. तो चिरा अजून आहे.

मुंबईच्या पाहुण्यांना मात्र शेवटपर्यंत एक गोष्ट पटली नाही. कच्चा हापूस फ्रीजमध्ये घालायचा नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते. साल काळपट पडते, आंबा पिकायचं विसरतो, आणि बाहेर काढला तरी पुढे तो पिकत नाही, नुसता म्हातारा होतो. आधी पेंढ्यात आढी, पिकू दे, मग हवं तर खायच्या आधी तासभर गार करा. पण 'रत्नागिरीची पेटी' घेऊन मुंबईला पोहोचलेले पाहुणे ती थेट फ्रीजमध्ये कोंबायचे आणि आम्हाला पत्र पाठवायचे, की यंदाचा आंबा काही खास नव्हता.

पुढे काय झालं ते सगळ्यांच्याच घरी झालं. हप्त्याने फ्रीज मिळू लागले, मग बिनहप्त्याने. मुलं मुंबईला, आखातात गेली आणि जाताना आईवडलांना फ्रीज देऊन गेली. भाऊंचा आला, माईंचा आला, आणि दहा-पंधरा वर्षांत आळीत फ्रीज नसलेलं घर दाखवा नि बक्षीस मिळवा अशी स्थिती आली. आमचा म्हातारा २००४ साली थकला. कॉम्प्रेसर गेला. फ्रीजवाल्याने, आता मोटारसायकलवरून येणाऱ्या, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मान हलवली. नवीन आला तो दोन दारांचा, बर्फच न धरणारा, आवाजच न करणारा. म्हातारा मागच्या पडवीत गेला. टाकवेना म्हणून नानांनी त्यात कागदपत्रं ठेवली. ती कल्पना मात्र नामी निघाली. रत्नागिरीच्या पावसात घरातली सगळी पुस्तकं पापडासारखी सादळतात, पण त्या बंद दाराआड घराचा उतारा आणि १९७९ पासूनची विजेची बिलं अगदी करकरीत राहिली.

फक्त 'वहिनी, एवढं ठेवता का?' हे वाक्य आळीतून गेलं. वाटीही गेली. उरलेली आमटी आता गडग्यावरून पलीकडे जात नाही, ती डब्यात घालून फ्रीजमध्ये जाते. तिथे ती तीन दिवस राहते, चौथ्या दिवशी तिच्याकडे सगळे आळीपाळीने बघतात, आणि पाचव्या दिवशी ती माडाच्या आळ्यात जाते. आमच्या सौ.च्या फ्रीजमध्ये कुठल्याही वेळी सात डबे असतात. त्यातल्या तिघांत काय आहे हे तिलाही माहीत नसतं. माईंच्या घरी कुणाला काय झालंय हे आम्हाला कळेनासं झालं. माईंना स्वतःला मधुमेह होऊन चार वर्षं झाली, आणि त्याही सासऱ्यांसारख्या इन्शुलिनवर आल्या, हे आईला कळलं तेव्हा ती तासभर कुणाशी बोलली नाही.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. त्याचं नाव ब्रह्मदेशाने ठेवलेलं. अर्थ पाल. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, रत्नागिरीत अडकवून ठेवला होता. त्याचा हिशेब त्यांनी इतक्या उशिरा पालीकडून पुरा करून घ्यावा, हे जरा अतिच झालं. किनाऱ्यापासून दूरूनच वादळ वर गुजरातकडे गेलं, पण जाताना आमच्या आळीतला एक माड आणि दोन आंबे तारांवर आडवे टाकून गेलं. रविवारी दुपारी वीज गेली.

पहिले चार तास कुणाला काही वाटलं नाही. दार न उघडलं तर फ्रीज चारेक तास गारवा धरतो. पण संध्याकाळ झाली, तारेवरचे माड तसेच, आणि सोमवारी सकाळी माईंची सून तोंडाला मास्क लावून आमच्या बेड्याशी उभी. ते करोनाचे दिवस, टाळेबंदी, कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकत नव्हतं. 'काकी,' ती लांबूनच म्हणाली, 'आईंची औषधं. बाहेर मिळेनाशी होतील म्हणून तीन महिन्यांचं इन्शुलिन एकदम आणून ठेवलंय. फ्रीज कोमट झालाय.'

डॉक्टरांना फोन लागला तो अकराव्या प्रयत्नाला. ते म्हणाले, चालू असलेली बाटली बाहेर महिनाभर राहते, तिची काळजी नको. न उघडलेल्या बाटल्या दोन ते आठ अंशांत हव्यात. तात्पुरतं थोडं वर गेलं तर घाबरू नका, पण उन्हाळ्यात उघड्यावर दिवसचे दिवस नकोत. आणि काही झालं तरी गोठू देऊ नका. गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यायचं. माठात ठेवावं म्हटलं, तर दमट हवेत आमचा माठ देशावरच्या माठासारखा गार होत नाही.

तेवढ्यात भाऊ आले. वय पंच्याहत्तर, लुंगी गुडघ्यावर, मास्क हनुवटीवर. वादळाच्या इशाऱ्याने होड्या किनाऱ्याला ओढल्या होत्या. मुलाच्या होडीच्या खणात बर्फाच्या लाद्या तशाच पडून होत्या. 'दोन पोती आणतो. पन ठेवायचा कशात? उघड्यावर दुपारपातुर पानी व्हईल.'

'पडवीतला म्हातारा काढा,' आई म्हणाली.

कुणाला आधी कळेचना. तिलाच फक्त आठवत होतं, की त्याचा कॉम्प्रेसर मेला असला तरी भिंती जिवंत आहेत. पत्र्याच्या दोन थरांत काचेच्या लोकरीचं अस्तर आहे, दाराची पट्टी धड आहे. आणि अमेरिकेतल्या पहिल्या शीतकपाटांना तरी कुठे वीज होती? आत बर्फाची लादी ठेवलेलं लाकडी कपाट, एवढंच ते. आम्ही नानांची बेचाळीस वर्षांची बिलं बाहेर काढली, म्हातारा पुसला. भाऊ पोती घेऊन आले. पोती उघडल्याबरोबर घरभर बांगड्यांचा दरवळ सुटला.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. त्या फ्रीजचा वरचा खण म्हणजे तिचा नैवेद्याचा शेजार. खाली चालणारं 'ते' आता वर बसू पाहत होतं, आणि नुसतं बसणार नव्हतं, वितळून खालच्या प्रत्येक कप्प्यावर ठिबकणार होतं.

'वरच ठेवा,' ती म्हणाली. 'गार हवा जड असते, ती खाली येते. खाली ठेवलात तर वरचं गरमच राहील. आणि त्याच्याखाली परात लावा.'

माईंच्या बाटल्या कोरड्या डब्यात, डबा पंच्यात गुंडाळून मधल्या कप्प्यात, बर्फापासून लांब. पण आत किती अंश आहेत ते कळणार कसं? मी ताप बघायचा थर्मामीटर लावला. तो पस्तिसाच्या खाली उतरायलाच तयार नाही. शेवटी फ्रीजवाल्याला निरोप गेला. आता त्याचेही केस पिकलेत. तो भर पावसात रेनकोट घालून फ्रीजचा थर्मामीटर घेऊन आला. दार न उघडता वाचता यावा म्हणून त्याची तार पट्टीतून बाहेर काढली. दुपारी बारा. चारला दहा. रात्री आठ.

मग आईने दाराला कुलूप लावलं. सतरा वर्षांनी ती किल्ली कुठून काढली देव जाणे. 'चार वेळा उघडेन,' तिने गडग्यावरून जाहीर केलं. 'ज्यांना ठेवायचंय त्यांनी वेळेवर या.' आणि माणसं आली. अंतर ठेवून, मास्क लावून, रांगेने. एकाचे डोळ्यांत घालायचे थेंब, एका बाळाचं औषध, कुणाचं नातवासाठी ठेवलेलं लोणी. रात्री दर दोन तासांनी थर्मामीटर बघायची पाळी लावली होती. दहाला मी, बाराला भाऊंचा मुलगा, दोनला माईंची सून, आणि चारला फ्रीजवाला, जो पावसामुळे ओटीवरच झोपला होता. नवाच्या वर आकडा गेला की भाऊ नवी लादी फोडत होते.

आळीतले बाकीचे सगळे फ्रीज, दोन दारांचे, काचेच्या कप्प्यांचे, तीनतीनशे लिटरचे, एव्हाना नुसती कपाटं झाली होती. त्यांच्या पोटातलं बाहेर काढणं भाग होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत आळीत जे काही शिजलं ते लग्नातही शिजत नाही. गोठवलेला मटार, गोठवलेला आमरस, गोठवलेली सुरमई. एकट्याच्याने संपणं शक्यच नव्हतं. गडग्यावरून पहिली वाटी माईंकडून आली. आमरसाची. आमच्या सौ.ने ती धुतली आणि रिकामी परत द्यायला निघाली, तशी आई खुर्चीतूनच ओरडली. वाटीतून मटारउसळ गेली.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला वीज आली. आळीभर एकच आरडाओरडा झाला आणि जो तो आपल्या घराकडे धावला. 'पाच मिनिटं थांबा रे!' फ्रीजवाला रस्त्यात उभा राहून ओरडत होता. 'लगेच लावू नका! आधी दाब सारखा येऊ द्या!' कुणी ऐकलं, कुणी नाही.

माईंची सून डबा न्यायला आली. आईने कुलूप उघडलं. आकडा आठ. बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, पाण्यासारख्या स्वच्छ. परातीत बर्फाचं पाणी काठोकाठ भरलं होतं, त्याला अजून बांगड्यांचा वास येत होता. आईने ते स्वतः उचलून परसातल्या कढीपत्त्याला घातलं.

'आता ही बिलं परत आत ठेवायची ना?' मी विचारलं.

'काय घाई आहे,' ती म्हणाली, आणि किल्ली कमरेला खोचली. 'सात जूनला पाऊस येतोय. तेव्हा परत वीज जाईल.'